आधी करून बघ, मग दुरुस्त कर

चि. मृण्मयी हिस,


लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमधल्या चुका सुधारायला घेतल्यास, हे वाचून फार बरं वाटलं. मात्र या कामाला किरकोळ म्हणू नकोस. सर्व्हरशी जोडणी करताना लायब्ररीचा कोड उघडून कोण बघतं? लोक डॉक्युमेंटेशनमधली ओळ उचलतात आणि पुढे जातात. ती ओळ चुकीची असली, तर तीच चूक शेकडो प्रोग्रामांत जाऊन बसते.

पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचंच घे. टाइमआउट ५ दिला की पाच सेकंदांत सगळं आटोपेल, असं नवख्याला वाटतं. खरं म्हणजे जोडणी झाल्यावर सर्व्हरकडून सलग पाच सेकंद काहीच आलं नाही, तरच ती लायब्ररी वाट बघणं सोडते. दर चार सेकंदांनी एकेक बाइट पाठवणारा सर्व्हर तुझा प्रोग्राम तासभरही अडकवून ठेवेल. म्हणून कुठल्या पानावर या आकड्याला ‘एकूण वेळ’ म्हटलेलं दिसलं, तर ते दोन शब्द जरूर बदल.

पण बदलण्याआधी स्वतः करून बघ. असा रेंगाळणारा सर्व्हर पायथनमध्ये थोडक्या ओळींत उभा करता येतो. तो चालव, घड्याळ लाव आणि जे दिसेल तेच लिही. नुसत्या तर्कावर केलेली दुरुस्ती म्हणजे एका चुकीच्या जागी दुसरी.

काही वाक्यं लिहिली तेव्हा बरोबर असतात, नंतर जुनी होतात. टीसीपीमध्ये जोडणीच्या पहिल्या पॅकेटला उत्तर आलं नाही, तर ते पुन्हा पाठवण्याआधी ३ सेकंद थांबावं, असा नियम होता. २०११ साली आरएफसी ६२९८ या इंटरनेट मानकाने ही मुदत १ सेकंदावर आणली. तरी तीनच्या पटीहून किंचित जास्त टाइमआउट ठेवण्याचा सल्ला अजून वाचायला मिळतो. अशा ठिकाणी मूळ लेखकाला दोष देऊ नकोस. काय बदललं, कधी बदललं आणि त्याला आधार कोणता, एवढं सांग.

उदाहरणात कुणाच्या खऱ्या सर्व्हरचा पत्ता दिसला, तर तोही काढ. उदाहरणांसाठी एग्झाम्पल डॉट कॉम हे नाव १९९९ पासून राखून ठेवलेलं आहे. नाहीतर उदाहरण जसंच्या तसं चालवणारे सगळे त्या बिचाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहतात.

एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच दुरुस्ती ठेव. जाता जाता दुसऱ्याची भाषा आपल्या आवडीप्रमाणे घासूनपुसून घेण्याचा मोह आवर. तपासणारी माणसं बहुधा आपली नोकरी सांभाळून हे काम करतात, त्यांना दोन मिनिटांत पटेल असं लिही. तीच चूक कोडमधल्या टिपणातही आहे का, ते शोधायला विसरू नकोस. बदल नाकारला गेला, तर कारण विचार, रागावू नकोस.

आपण लिहिलेल्या वाक्यावर विसंबून कुणीतरी आपला सर्व्हर चालवणार आहे. त्या विश्वासाला जागून काम कर.

तुझी,
आत्या