वत्सगुल्मचे राज्य का बुडाले?

उपासक-उपासिकांनो, आजच्या वाशीमला पंधराशे वर्षांपूर्वी वत्सगुल्म म्हणत. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने ही शाखा स्थापिली. तिचा शेवटचा थोर राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ वे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. तेथील शिलालेखात हरिषेणाच्या संदर्भात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, लाट, आंध्र अशा देशांची नावे येतात. दरबारी स्तुतीतून थोडी वजावट करावीच लागते. तरी सत्ता मोठी होती.

हरिषेणानंतर ती लवकरच संपली. वॉल्टर स्पिंक त्याचा मृत्यू इ.स. ४७७ च्या सुमारास धरतात. इतर काही अभ्यासक राज्याचा शेवट इ.स. ५०० च्या आसपास मानतात.

दंडीच्या 'दशकुमारचरिता'त विदर्भाच्या एका राजाची गोष्ट आहे. मिराशी व स्पिंक यांना तीत याच ऱ्हासाची आठवण दिसते. चांगल्या राजाचा मुलगा गादीवर येतो. वृद्ध मंत्री राज्यकारभार शिक म्हणतो, खुशमस्कऱ्या त्याची टिंगल करतो. शेजारचा अश्मक राजा आपला माणूस दरबारात पेरतो; शिकार, जुगार, दारू यांत राजाला बुडवतो. मग दुसऱ्याच राजाला स्वारीस उठवतो, मांडलिकांना फितवतो, आणि लुटीवरून त्यांच्यात भांडण लावून सगळे स्वतःच गिळतो. ही कथा आहे, पुरावा नव्हे. पण मोठी राज्ये अशीच पोखरली जातात.

दुसरेही एक पाहावे. दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटात नांदेडकडील एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना करमाफीसह दिले आहे. अशी गावे सुटत गेली की खजिना आटतो. राज्य एवढ्यानेच बुडाले म्हणणे मात्र घाईचे होईल.

मुख्य दोष मला वेगळा वाटतो. मगधाचा मंत्री वस्सकार तथागतांकडे आला, तेव्हा वज्जी वारंवार एकत्र जमतात, एकदिलाने कामे करतात, तोवर त्यांची हानी नाही, असे त्याला कळले. फूट पाडल्याखेरीज ते जिंकता येणार नाहीत हे त्याने ओळखले. वज्जींना निदान फोडावे तरी लागणार होते! वत्सगुल्मला तशी सभा नव्हती. मांडलिक बांधलेले होते ते हरिषेणाच्या धाकाशी. तो गेला आणि गाठ सुटली.

अजिंठ्याला गेलात तर २४ वे लेणे पाहा. फार मोठा विहार व्हायचा होता, अर्धाच कोरून राहिला आहे. २६ व्या लेण्यात भिक्षू बुद्धभद्राचा लेख आहे. त्यात अश्मक राजाच्या मंत्र्याचा गौरव आहे. वाकाटकांचे नावही नाही.