विश्वास कमी पडला म्हणून नव्हे



२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. चर्चची दारे बंद झाली, अंत्यविधीला मोजकीच माणसे जाऊ शकली, अनेकांचा रोजगार बुडाला. पुढे साथ ओसरली, पण काही घरांत भीती आणि उदासी मागे राहिली. महामारीच्या पहिल्याच वर्षी जगात चिंता व नैराश्याचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले.

खचलेल्या माणसाला आपण सहज म्हणतो, 'प्रार्थना कर, सगळे ठीक होईल.' त्याला मात्र वाटते, आपला विश्वासच कमी पडला. एलिया संदेष्टाही झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागत होता (१ राजे १९). देवदूताने त्याला दोष दिला नाही. भाकर व पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. पुढचा प्रवास त्यानंतर.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप न लागणे, भूक मंदावणे, कशातच मन न रमणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. रक्तदाबासाठी आपण डॉक्टरांकडे जातो, तसेच मनासाठीही जावे. शासनाची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. जीव नकोसा झाला असे कोणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नका.

या आठवड्यात: महामारीत ज्या घरचे माणूस गेले, त्या घरी जाऊन बसा. उपदेश नको. जेवणाचा डबा न्या आणि त्यांचे ऐकून घ्या.