तोतरेपणावर बी-१ची गोळी चालते का?

प्रश्न : माझे वय ४६. लहानपणापासून बोलताना अडखळतो. बसमध्ये कंडक्टरपुढे ‘स्वारगेट’ तोंडातून फुटत नाही, म्हणून ‘कात्रज’चे तिकीट काढून स्वारगेटला उतरतो. एका मित्राच्या सांगण्यावरून बी-१ आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू केल्या. सुरुवातीला बोलणे चांगले मोकळे झाले, आता पुन्हा जैसे थे. डोस वाढवू का? की ब्राह्मी-वेखंड घेऊ? – एक वाचक, पुणे

उत्तर : डोस वाढवू नका. गोळीने फरक पडल्यासारखे का वाटले, ते आधी पाहू.

तोतरेपणा रोज सारखा नसतो. काही आठवडे जीभ सुटते, काही आठवडे स्वतःचे नावही घशात अडकते. माणूस औषध शोधतो तो बोलणे अगदी बिघडलेले असताना. त्यानंतर ते थोडे सुधारणारच असते आणि श्रेय गोळीला जाते. पोपटाने उष्टावलेला पेरू आणि शंखातले पाणी या घरगुती उपायांची ख्याती अशीच झाली असावी. लहान मुलांत तर हे आणखी सोपे, कारण दोन ते पाच वर्षांच्या वयात अडखळू लागलेल्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुले पुढे आपोआप नीट बोलू लागतात.

बी-१ची गोष्ट नेमकी अशाच वयातून सुरू झाली. १९५१ मध्ये अमेरिकेत लहान मुलांना हे जीवनसत्त्व देऊन पाहिले गेले आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांत फरक दिसल्याचे प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये प्रौढांच्या एका छोट्या गटाला रोज ३०० मिलिग्रॅम दिल्यावर काहींना गुण आल्याचे वृत्त आले. तुमच्या मित्रापर्यंत पोचले असेल ते बहुधा हेच. पुढे त्याच मात्रेची अशी चाचणी झाली, की खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. तिच्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. शरीराची रोजची गरज एक-दीड मिलिग्रॅमच्या घरातली. त्यावरचे बहुतेक लघवीवाटे जाते. मॅग्नेशियमलाही तोतरेपणाबाबत भरवशाचा आधार नाही. मात्र बी-कॉम्प्लेक्सच्या जोरदार गोळ्यांत बी-६ असते आणि ते जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतले तर हातापायांच्या नसांना इजा होते, मुंग्या येतात. ‘जीवनसत्त्वच तर आहे’ म्हणून गाफील राहू नये.

टायरोसिन या अमिनो आम्लाचा डबा मात्र कुणी पुढे केला तर सरळ नाही म्हणा. त्यापासून शरीर डोपामिन बनवते. आणि काही लोकांचा तोतरेपणा ज्यांनी कमी झालेला दिसला, ती हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोनसारखी औषधे डोपामिनला अडवणारी आहेत. म्हणजे हिशेब उलटाच. त्या औषधांना दुष्परिणामही आहेत, आणि केवळ तोतरेपणासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही.

वेखंड आपल्या घरात बाळगुटीतून आले, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. त्यातला बीटा-असारोन हा घटक प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगकारक ठरल्याने अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंडावर बंदी घातली. रोज चाटत बसू नका. ब्राह्मीने अडखळणे थांबते असा पुरावा नाही.

हा दोष ‘कमकुवत जिभेचा’ नाही. मेंदूतली बोलणे सुरू करण्याची आणि त्याची लय सांभाळण्याची यंत्रणा यात वेगळी चालते, आणि तो घराण्यातून येऊ शकतो. पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून २०१० मध्ये त्याच्याशी जोडलेली तीन जनुके सापडली. गोळी घेऊन जनुक बदलत नाही.

तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ तपासा. कमतरता निघाली तर ती भरून काढा, पण ती तब्येतीसाठी. उरलेला पैसा वाचा-उपचारतज्ज्ञाकडे लावा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे आणि नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयातही हा विभाग जुना आहे. पुण्यातही तज्ज्ञ मिळतील. तिथे शब्द हळुवार उचलायला, मध्येच अडकलेला शब्द सैल सोडवायला शिकवतात. आणि मुद्दाम अडखळायलाही. हे विचित्र वाटेल. पण अडखळणे लपवण्यासाठी चाललेली धडपडच बऱ्याचदा अडखळण्याहून जड असते. कात्रजचे तिकीट हा त्या धडपडीचाच खर्च आहे. इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनच्या गटांत अशी माणसे भेटतात, त्यांच्यासमोर सराव सोपा जातो. ४६ हे वय उशिराचे नाही.

एक ताकीद : आजवर नीट बोलणारा मोठा माणूस अचानक अडखळू लागला, किंवा तुमचे अडखळणे एकाएकी वेगळे वाटू लागले, तर गोळ्यांच्या नादी न लागता त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा.