हीथक्लिफ आवडतो म्हणाली, तर...

पालकहो, मुलं वाचत नाहीत ही आपली जुनी तक्रार. अलीकडे मात्र दहावी-अकरावीतल्या मुलींच्या आया वेगळंच सांगतात. "वाचते हो, पण काय वाचते ते बघा जरा!" बघायला जावं तर मुखपृष्ठावर ढगाळ आभाळ, एकटा वाडा, वाऱ्यावर उडणारे केस. आत जुना काळ, कुलूपबंद खोली, भुताचा संशय आणि कपाळावर कायम आठी घातलेला, कुणाशी धड न बोलणारा नायक. अशा कादंबऱ्यांचं मूळ शोधत गेलं, की बहुतेकदा आपण इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या माळरानावर पोचतो. तिथल्या हॉवर्थ गावात पाद्रीबाबांच्या घरात राहणाऱ्या एमिली ब्राँटीनं ‘वुदरिंग हाइट्स’ लिहिली. ती 1847 सालच्या डिसेंबरमध्ये छापून आली, पण तिच्यातला काळ त्याच्याही पाऊणशे वर्षं मागून सुरू होतो.

आज तिच्याबद्दलच बोलू या. या एका पुस्तकावरून घराघरांत जे वाद होतात ते ऐकण्यासारखे असतात. थोरली वाचून रडते. धाकटी म्हणते, "हा हीथक्लिफ म्हणजे चालताबोलता रेड फ्लॅग आहे, रडतेस कसली!" आईला दोघींची काळजी वाटते. बाबांनी पुस्तक वाचलेलं नसतं, पण मत त्यांचंही असतं.

हा वाद पुस्तकाइतकाच जुना आहे. एमिलीनं ‘एलिस बेल’ असं पुरुषी वाटणारं नाव घेतलं होतं. पहिल्या समीक्षकांना त्या अनोळखी एलिसचा जोर जाणवला, पण बरेच जण बिचकलेही. इतका रांगडेपणा, इतका द्वेष, आणि धडा घ्यावा असं एकही पात्र नाही! वर्षभरातच, 1848 च्या डिसेंबरमध्ये, एमिली तिशीत वारली. तिच्या लिहायच्या पेटीत परीक्षणांची पाच कात्रणं सापडली. पुढे 1850 मध्ये थोरली बहीण शार्लटनं नवी आवृत्ती काढली. ‘जेन आयर’ लिहिणारी ती हीच. तिनं प्रस्तावनेत बहिणीची बाजू घेतली खरी, पण हीथक्लिफसारखा माणूस निर्माण करावा की करू नये, अशी शंकाही तिथंच मांडून ठेवली. सख्ख्या बहिणीला जे गिळवलं नाही, ते तुमच्या घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी गोड लागावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

या मुलींच्या वडिलांचं, पॅट्रिक ब्राँटींचं, मला राहून राहून नवल वाटतं. पेशानं धर्मोपदेशक, बायको लवकर गेलेली, पदरात मुलं. पण पुस्तकांच्या बाबतीत त्यांनी दार लावलं नाही. घरात येणारी वर्तमानपत्रं, मासिकं, स्कॉट, आणि त्या काळी भल्याभल्यांना चळलेला वाटणारा कवी बायरनसुद्धा मुलींच्या हाती लागला. बायरनच्या काळवंडलेल्या नायकांचा वंश हीथक्लिफमध्ये उतरलाय, हे अभ्यासक कधीपासून सांगत आलेत.

आता तुमच्या खऱ्या भीतीकडे येते. मुलीला हीथक्लिफ आवडला, म्हणजे उद्या ती असलाच कुणीतरी घरी घेऊन येईल की काय? ही भीती खोटी नाही. फक्त ती तुमच्या आधी एमिलीला सुचली होती. कादंबरीत इझाबेला लिंटन नावाची अठरा वर्षांची मुलगी आहे. सुखवस्तू घर, जपणारा भाऊ. तिला हीथक्लिफ प्रेमकथेतला नायक वाटतो. वरून दगड, आतून लोणी. खुद्द कॅथरीन, जिचा हीथक्लिफवर जीव आहे ती, इझाबेलाला तोंडावर बजावते की हा माणूस लांडगा आहे, आतबितर काही मऊ नाही. इझाबेलाला वाटतं, ही जळते. मग एका रात्री ती पळून जाते. निघता निघता हीथक्लिफ तिच्या लाडक्या कुत्रीला रुमालानं आकड्याला टांगतो. नेली डीन, म्हणजे घर सांभाळणारी बाई, वेळेवर पोचते म्हणून ती कुत्री जगते. आणि पुढे हाच हीथक्लिफ बायकोसमोर नेलीला हसत सांगतो, की मी कसा आहे हे मी हिच्यापासून कधीच लपवलं नाही, हिनंच मला नायक करून ठेवलं. कुत्रीचं उदाहरणही तोच देतो.

म्हणजे हीथक्लिफला नायक समजून वाचणारी पहिली वाचक पुस्तकातच बसलेली आहे, आणि तिचं काय होतं तेही तिथंच लिहिलेलं आहे. तुमच्या मुलीला हीथक्लिफ आवडला असेल तर भाषण देऊ नका. "इझाबेलाबद्दल तुझं काय मत?" एवढंच विचारा. काही मुली गप्प होतात. काही म्हणतात, "ती बावळटच होती." मग वाद घाला खुशाल. ती बावळट होती की अठरा वर्षांची होती?

इथं आणखी एक सांगायला हवं, कारण ते थेट आपल्याबद्दल आहे. इझाबेला पळून गेल्यावर तिचा भाऊ एडगर, स्वभावानं अतिशय सज्जन माणूस, तिच्याशी संबंध तोडतो. नेली तिला भेटायला निघते तेव्हा विचारते, दोन ओळी तरी देता का? तो देत नाही. रागावलेलो नाही म्हणतो, पण त्या घराशी पत्रव्यवहार नको. तिकडे इझाबेला नेलीच्या हाताकडे बघत उभी असते, चिठ्ठी आणली असेल म्हणून. तरुण वाचकांचं या प्रसंगाकडे सहसा लक्ष जात नाही; ती हीथक्लिफ-कॅथरीनमध्ये गुंतलेली असतात. तुमचं लक्ष मात्र जायला हवं. मुलांनी चुकीचा माणूस निवडला तर परत यायला दार लागतं, आणि ते दार बहुतेक वेळा वाईट माणसांनी नाही, एडगरसारख्या भल्या माणसांनी लावलेलं असतं. पुस्तकातलं पात्र आवडणं हा काही कशाचा पुरावा नव्हे. खरोखरीच्या आयुष्यात कुणी तिचा फोन तपासत असेल, मैत्रिणी तोडायला लावत असेल, ती सतत कुणाच्या तरी मूडला घाबरून वागत असेल, तर काळजी त्याची करा. कादंबरी काढून घेऊन ते थांबत नाही.

"अहो, पण ही तर अमर प्रेमकथा ना?" असं विचारणाऱ्या पालकांनी बहुधा सिनेमा बघितलेला असतो. 1939 चा हॉलिवूडचा गाजलेला चित्रपट घ्या. त्यात कॅथरीन झालेली मर्ल ओबेरॉन आपल्या मुंबईत जन्मलेली. त्या चित्रपटात कादंबरीचा उत्तरार्ध नाहीच. कॅथरीन गेली, प्रेमिकांचे आत्मे भेटले, संपलं. आपल्याकडे दिलीपकुमार आणि वहिदा रेहमानचा 1966 चा ‘दिल दिया दर्द लिया’ याच गोष्टीवर बेतलेला, त्यातही जोर प्रेमावर आणि सोसण्यावर. पुस्तकात मात्र कॅथरीन साधारण निम्म्यावरच मरते. उरलेल्या निम्म्यात हीथक्लिफ काय करतो हे ज्यांनी वाचलंय त्यांचं आणि ज्यांनी नाही त्यांचं एकमत होणं कठीण. भांडणाऱ्या दोघींपैकी एकीनं पुस्तक अर्ध्यात टाकलेलं असू शकतं, हे आधी तपासून घ्या.

पालक म्हणून वाचायचा भाग तर सुरुवातीलाच आहे. म्हातारा अर्नशॉ लिव्हरपूलला निघतो. साठ मैल पायी जाणं आणि तितकंच येणं. जाताना मुलांना विचारतो, काय आणू? हिंडलीला व्हायोलिन हवं असतं, छोट्या कॅथरीनला चाबूक. तिसऱ्या रात्री बाप परततो तो कोटात गुंडाळलेलं एक काळं, भुकेलं, अनाथ पोर घेऊन. व्हायोलिन वाटेत चुरडलेलं, चाबूक हरवलेला. चौदा वर्षांचा हिंडली ढसाढसा रडतो. कॅथरीन त्या पोराला दात विचकून दाखवते, थुंकते, आणि बापाची चापट खाते. मुलं त्याला खोलीत घेत नाहीत. नेली त्याला जिन्यावर ठेवून मोकळी होते. मग बाप त्याला आपल्या मेलेल्या मुलाचं नाव, हीथक्लिफ, देतो आणि सगळ्यांपेक्षा जास्त लाड करू लागतो. करुणा खरी, पण घरातल्या कुणाशी एक शब्द न बोलता केलेली. पुढचा सगळा सूड या एका रात्रीच ठरला असं मी म्हणणार नाही. पण हिंडलीच्या डोळ्यांनी तो प्रसंग पुन्हा वाचा.

बाप गेल्यावर हिंडली हीथक्लिफचं शिक्षण बंद करतो आणि त्याला शेतावरच्या गड्यांत लोटतो. काही वर्षांनंतर हीथक्लिफ पैसेवाला होऊन येतो, जुगारात बुडालेल्या हिंडलीचं घर गहाणात गिळतो आणि त्याच्या मुलाचं, हेअरटनचं, नेमकं तसंच करतो. मारहाण फारशी नाही. फक्त अक्षर शिकू द्यायचं नाही. घराच्या दारावर 1500 हे साल आणि ‘हेअरटन अर्नशॉ’ हे पूर्वजाचं नाव कोरलेलं आहे. तेच नाव धारण करणारा हा मुलगा त्याखालून रोज ये-जा करतो आणि त्याला ते वाचता येत नाही. पुढे धडपडत नाव लावायला शिकतो, अभिमानानं आतेबहिणीला, म्हणजे कॅथरीनच्या मुलीला, वाचून दाखवतो. ती विचारते, आणि आकडे? ते त्याला येत नसतात. ती खो खो हसते. माझ्या मते ही सबंध कादंबरीतली सर्वांत क्रूर जागा आहे, कुत्रीच्या प्रसंगाहूनही. मुलांच्या अर्धवट येण्याला आपण घरात किती सहज हसतो!

वाचायला घेणार असाल तर एक अडचण सांगते. पहिली तीन-चार प्रकरणं डोकं भंजाळतं. दोन कॅथरीन आहेत, आई आणि मुलगी. लिंटन हे आडनावही आहे आणि एका मुलाचं नावही. कागदावर वंशावळ काढा, आणि इंग्रजीतल्या ‘कझिन’वर समाधान मानू नका, आपली नाती वापरा. लगेच उलगडतं. धाकट्या कॅथरीनला डांबून इझाबेलाच्या ज्या आजारी मुलाशी, लिंटनशी, लग्न लावलं जातं, त्याची ती मामेबहीण. शेवटी ती ज्याच्याशी आपणहून लग्न ठरवते, त्या हेअरटनची आतेबहीण. गंमत बघा, आपल्याकडे कित्येक समाजांत रीतीला धरून असतं ते पहिलं, आणि इस्टेटीसाठी जुलमानं लावलेलं तेच!

दुसरी गोष्ट, कथा सांगतंय कोण तिकडे लक्ष असू द्या. जवळजवळ सगळं आपण नेलीच्या तोंडून ऐकतो, तेही लॉकवुड नावाच्या उपऱ्या भाडेकरूमार्फत. हीथक्लिफशी लग्न केलं तर मान खाली जाईल असं कॅथरीन म्हणते, ते तो आडून ऐकतो आणि तिचं प्रेमाचं बोलणं ऐकण्याआधी निघून जातो. नेलीला तो जाताना दिसतो. ती त्या क्षणी बोलत नाही. तिला भली बाई मानणारे वाचक आहेत आणि सगळ्याचं खापर तिच्यावर फोडणारेही. मुलांना हा वाद फार आवडतो, कारण आपण सांगतो त्या घरच्या गोष्टींतही गाळलेलं बरंच असतं, हे त्यांना ठाऊक असतं.

‘यातून काय शिकलीस?’ हा प्रश्न तेवढा विचारू नका. त्यानं पुस्तक मिटतं. तुम्हाला कादंबरी आवडली नाही तर तसं सरळ सांगा, कारणासकट, आणि तिचं ऐकून घ्या. माझ्या एका मैत्रिणीचं मत आहे की हेअरटन-कॅथरीनचा गोड शेवट एमिलीनं उगाच चिकटवला, वादळ वादळासारखंच संपायला हवं होतं. मला उलट वाटतं. हेअरटनच्या हातात शेवटी पुस्तक आलं नसतं, तर मी ही कादंबरी दुसऱ्यांदा उघडली नसती. ती म्हणते, हे तुझ्यातली शिक्षिका बोलते आहे. असेलही. पुढच्या भेटीत तिला इझाबेलाबद्दल विचारणार आहे.