जैन दर्शन : सुरुवात कुठून?

प्रश्न (बुऱ्हाणपूर) : स्पर्धा परीक्षेसाठी जैन इतिहास वाचताना सगळे एकमेकांत मिसळते. काय करावे?

उत्तर : काळाचा क्रम सुटला की असेच होते. पार्श्वनाथांचा चातुर्याम धर्म आधीचा. महावीरांनी ब्रह्मचर्य जोडले आणि पंचमहाव्रते झाली. वलभीला 5व्या शतकात देवर्धिगणींच्या पुढाकाराने आगम लिहून निघाले, पण ते श्वेतांबरांचे. दिगंबर ते प्रमाण मानत नाहीत. हमखास चुकणारी जागा ही!

दर्शनात खरी मेख सप्तभंगीनयाची. यूपीएससीच्या तत्त्वज्ञान या वैकल्पिक विषयात तो नावानिशी आहे. अनेकांतवाद वस्तूच्या स्वरूपाविषयी, तर स्याद्वाद तिच्याविषयीच्या विधानासंबंधी. समोरचा घडा मातीचा म्हणून ‘आहे’, सोन्याचा म्हणून ‘नाही’. दोन्ही एकदम सांगायला गेले तर ‘अवक्तव्य’. या तिन्हींच्या जोडण्यांतूनच सात भंग निघतात, त्यामुळे घोकंपट्टी लागत नाही.

कलेसाठी निमाडातच बडवानीजवळचे बावनगजा आहे. डोंगरात कोरलेली आदिनाथांची मूर्ती 84 फुटांची. वेरूळची 30 ते 34 क्रमांकाची लेणीही जोडीला घ्यावीत.

गाइड मात्र तूर्त बाजूला ठेवावे. उमास्वातींचे ‘तत्त्वार्थसूत्र’ दोन्ही पंथांना मान्य आहे. त्याचा पहिला अध्याय अनुवादासह वाचावा, मग जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात.