नोंदींची साखळी : 'ब्लॉकचेन' म्हणजे काय?

(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

शाळेच्या दप्तरातील जनरल रजिस्टर किती मोलाचे असते, हे शिक्षकबंधुभगिनींस सांगावयास नको. त्यातील एका ओळीवरून मुलाची जन्मतारीख ठरते. जातीच्या पडताळणीत तीच ओळ पुरावा म्हणून मागितली जाते. आणि पन्नास वर्षांनंतर नातवासही तिची नक्कल हवी असते. म्हणूनच तीत खाडाखोड करू नये, लेखी आदेशावाचून दुरुस्ती करू नये, असे दंडक आहेत. परंतु रजिस्टर एक आणि कपाटही एक. उद्या एखादा अंक कोणी बदललाच, तर ताडून पाहावयास दुसरी प्रत कोठे आहे? ह्याच प्रश्नावर संगणकशास्त्राने काढलेला एक उपाय म्हणजे ब्लॉकचेन होय. तो समजण्यास संगणकाची आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. बेरीज व गुणाकार पुरेसे आहेत.

पूर्वपीठिका

१९९१ साली स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा ह्या अमेरिकेतील संशोधकांनी, संगणकातील कागदपत्राची तारीख मागाहून बदलता येऊ नये म्हणून, प्रत्येक नोंद मागील नोंदीशी गुंफण्याची युक्ती मांडली. २००८ साली सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही युक्ती बिटकॉइन ह्या चलनासाठी योजिली गेली, आणि जानेवारी २००९ मध्ये ते चलन सुरू झाले. तेव्हापासून ब्लॉकचेन म्हणजेच बिटकॉइन, असा समज रूढ झाला. तो बरोबर नाही. ब्लॉकचेन ही वही आहे. चलनाचा हिशेब हा त्या वहीचा केवळ एक उपयोग आहे.

वर्गात करावयाची कृती

मुलांचे चार गट करावेत. प्रत्येक गटाने संचयिकेच्या जमेची स्वतंत्र वही ठेवावी. पान पहिले : रु. २५, पान दुसरे : रु. ४०; पान तिसरे : रु. १५. प्रत्येक पानाखाली एक 'मुद्रा' लिहावी. तिचा नियम असा : पानावरील रकमेत मागील पानाची मुद्रा मिळवावी, बेरजेस ७ ने गुणावे व गुणाकाराचे शेवटचे दोन अंक घ्यावेत. पहिल्या पानापूर्वीची मुद्रा शून्य धरावी.

पहिले पान : २५ × ७ = १७५; मुद्रा ७५.
दुसरे पान : (४० + ७५) × ७ = ८०५; मुद्रा ०५.
तिसरे पान : (१५ + ०५) × ७ = १४०; मुद्रा ४०.

आता पहिल्या पानावरील २५ चे कोणी गुपचूप ५२ केले असे समजा. मुद्रा अनुक्रमे ६४, २८ व ०१ येतात. एका पानास हात लावताच पुढील सर्व पाने बोलू लागतात.

एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, "गुरुजी, त्याने सगळ्याच पानांच्या मुद्रा नव्याने लिहिल्या तर?" ह्याचे उत्तर चार वह्यांत आहे. उरलेल्या तीन गटांच्या वह्यांत शेवटची मुद्रा ४० च राहील आणि लबाडी उघडी पडेल. साखळी व अनेक प्रती ह्या दोहोंच्या जोडीतच ब्लॉकचेनचे बळ आहे.

प्रत्यक्षात मुद्रा दोन अंकी नसते. बिटकॉइनमध्ये ती अंक व अक्षरे मिळून ६४ चिन्हांची लिहिली जाते; मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी ती संपूर्ण पालटते, आणि मुद्रेवरून मूळ मजकूर काढता येत नाही. वह्याही चार नसून हजारो संगणकांवर असतात.

मर्यादा

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ब्लॉकचेन नोंद बदलली की नाही एवढेच सांगते. नोंद मुळात खरी होती की नाही, हे ती सांगू शकत नाही. पूर्वी जन्मतारीख ठाऊक नसली की दाखल करताना १ जून लिहिण्याची रीत होती. त्यामुळे आपल्या पिढीतील कितीतरी जणांचे वाढदिवस एकाच दिवशी येतात. अशी अंदाजाची तारीख साखळीत गेली, तर तीच चिरकाल टिकेल. चूक दुरुस्त करावयाची झाल्यास जुनी नोंद पुसता येत नाही. दुरुस्तीची नवी नोंद पुढे जोडावी लागते.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे जातीचे दाखले ब्लॉकचेनच्या आधारे पडताळता यावेत, असा उपक्रम हाती घेण्यात आला. तथापि, अशा दाखल्यांच्या मुळाशी पुष्कळदा गावच्या शाळेतील रजिस्टरच असते. यंत्र पहारा करील. परंतु पहिली ओळ खरी लिहिण्याचे काम पालकांस नीट विचारणाऱ्या, कागद पाहणाऱ्या शिक्षकाचेच राहील.

केंद्रातील शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. वरील उदाहरणात दुसऱ्या पानावरील ४० चे ४१ केल्यास कोणत्या मुद्रा बदलतील? पहिल्या पानाची का बदलत नाही?
२. चारांपैकी तीन गटांनी संगनमत केले तर काय होईल?
३. आपल्या शाळेतील कोणत्या नोंदी अनेकांनी पाहाव्यात अशा आहेत, आणि कोणत्या मुलांच्या हितासाठी खाजगीच राहाव्यात?