पाय धुतल्यावर झोप का लागते?

प्रश्न : लहानपणी आजी निजण्याआधी पाय धुवायला लावायची आणि काशाच्या वाटीने तळव्यांना तेल चोळायची. पाठ टेकली की झोप लागायची. आता अकराला आडवा होतो, पण एक वाजेपर्यंत डोळा लागत नाही. उन्हाळ्यात तर फारच हाल होतात. आजीच्या रीतीत खरंच काही तथ्य होतं का?
— एक वाचक, नशिराबाद

उत्तर : होय, होतं. झोप यायची तर अंगातली उष्णता आधी उतरावी लागते. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत शरीराच्या आतलं तापमान साधारण एक अंश सेल्सिअसने उतरतं. ही उष्णता बाहेर टाकण्याचं मोठं काम तळहात आणि तळवे करतात. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तळवे उबदार होतात आणि आतलं शरीर निवतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी १९९९ साली ‘नेचर’मध्ये हेच मांडलं : हातपाय उबदार झाले की झोप लवकर लागते. तळवे चोळल्याने तिथे रक्त खेळतं, म्हणून आजीची वाटी कामाची होती.

खानदेशात ही गोष्ट जास्तच महत्त्वाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. जुन्या धाब्याच्या घरांचं जाड मातीचं छत हळूहळू तापायचं आणि रात्री लोक वर, मोकळ्या आभाळाखाली निजायचे. आजचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री खोलीत सोडतो. म्हणून तुमची निजण्याची तयारी दिवेलागणीलाच सुरू व्हायला हवी.

ऊन कललं की गच्चीवर पाणी शिंपडा. आपली हवा कोरडी असल्याने कूलर चांगला चालतो, फक्त समोरची एक खिडकी उघडी ठेवा. शेवटचा चहा चारच्या सुमारास घ्या. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग अंगातून जायला पाचेक तास लागतात. झणझणीत शेवभाजी दुपारी खा आणि रात्री आठपर्यंत खिचडी किंवा भाकरी-भाजीवर भागवा.

साडेनऊला गरम पाण्याने अंघोळ करा. निजण्याच्या एक-दोन तास आधी गरम पाण्याने अंघोळ केली तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते, असं २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं. अंघोळ शक्य नसेल तर पाय धुवा. बर्फासारखं गार पाणी मात्र नको, त्याने रक्तवाहिन्या आकसतात. मधुमेह असेल तर पाण्याची ऊब आधी हाताने पाहा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. मग पांढरे दिवे मालवून मंद पिवळा दिवा ठेवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. उजेड झोपेची सूचना देणारं मेलॅटोनिन दाबतो.

आता तुमच्या ‘अकरा ते एक’विषयी. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठा, मंद उजेडात शांत बसा, डोळे जड झाले की परत या. नाहीतर अंथरूण म्हणजे जागरण, अशी शरीराला सवय लागते. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ बदलू नका.

आठवड्यातून तीन रात्री, असं तीन महिने चाललं किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणू नका, डॉक्टरांना दाखवा. तोवर आजीची वाटी काढा आणि आज रात्रीपासूनच तळवे चोळायला घ्या.